पाडव्याच्या फोनवर तुम्ही काय बोललात

सांगलीहून एका आईचं पत्र आलंय. थोडं कमी करून देते.

“मुलगा २४ वर्षांचा आहे. जर्मनीत केम्निट्झला मास्टर्स करतो, जाऊन दीड वर्ष झालं. घर तारण ठेवून कर्ज काढलंय. आधी रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचा, भाजी काय केली तेसुद्धा दाखवायचा. गुढीपाडव्यापासून आठवड्यातून एकदा फोन, तोही कॅमेरा बंद ठेवून. ‘बरंय’, ‘हो’, ‘ठेवतो’, एवढंच. शेजारच्या खोलीत एक मुलगी राहते, तिच्याबद्दल पूर्वी सांगायचा, आता तेही नाही. अभ्यासातही मागे पडलाय. विद्यापीठाच्या पोर्टलवर पाहिलं (पासवर्ड माझ्याकडे आहे, प्रवेशाचं सगळं मीच भरलं होतं) तर एका विषयात १.७, एकात २.३, आणि दोन पेपरना नाव नोंदवून परत मागे घेतलेलं. दहावीला ९४ टक्के मिळवणारा मुलगा! तरी मी रागावले नाही. पाडव्याला उलट धीरच दिला, म्हटलं, जाऊ दे रे, एका विषयात तरी ५ आहेत ना. तर म्हणाला, नेटवर्क नाही. मी तीन महिन्यांचा व्हिसा काढून तिथे जाऊन राहू का? जेवणाखाण्याचं तरी बघेन. की त्या मुलीचं काही असेल?”

ताई, त्या मुलीला आधी यातून मोकळं करा. तिचा काही संबंध नाही.

मी अडकले ती तुमच्या कंसात. कर्ज, कॅमेरा, मुलगी यांवर तुम्ही ओळीच्या ओळी लिहिल्यात आणि पासवर्डची गोष्ट कंसात टाकून पुढे निघून गेलात. २४ वर्षांच्या मुलाचे गुण त्याला न सांगता, त्याच्या नावाने आत शिरून तुम्ही बघता. तिथलं विद्यापीठ एवढ्या मोठ्या विद्यार्थ्याचे गुण आईवडिलांना कळवत नाही, तुम्ही पत्र पाठवून विचारलंत तरी. ते उगाच नाही.

त्यात वाईट हे, की जे चोरून बघत होतात ते तुम्हाला वाचताही येत नव्हतं. जर्मनीत गुण उलटे चालतात. १.० म्हणजे सर्वांत वर. ४.० ला काठावर पास. ५.० म्हणजे नापास. ज्या १.७ वर तुम्ही हळहळलात ते उत्तम गुण आहेत, परक्या देशात पहिलं-दुसरं वर्ष काढणाऱ्या मुलाने मिठाई वाटावी असे. २.३ सुद्धा चांगलेच. आणि ज्या पाचावरून तुम्ही त्याला धीर दिलात, त्या विषयात तो नापास झालाय.

आता पाडव्याचा फोन त्याच्या बाजूने ऐका. हिवाळी सत्राच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चात होतात, म्हणजे निकाल नुकताच हाती आलेला. एक पेपर गेलाय. घरी कसं सांगायचं हे त्याचं अजून ठरत नसेल, कदाचित सणाचा दिवस जाऊ द्यावा म्हणून गप्प असेल. आणि समोरून आई हसतमुखाने त्याच्या नापास होण्याचं कौतुक करते. त्या एका वाक्यात त्याला दोन गोष्टी कळल्या: आईला सगळं दिसतं, आणि जे दिसतं त्यातलं तिला काही कळत नाही. कॅमेरा त्या दिवसापासून बंद आहे, हे तुम्हीच लिहिलंय. तारीख तुमची, वाक्य तुमचं, आणि शोध घेताय शेजारच्या खोलीत.

तुम्ही म्हणाल, मग त्याने पासवर्ड का नाही बदलला? माझा अंदाज सांगते. बदलला तर तुम्हाला आत जाता येणार नाही, तुम्ही विचाराल, आणि मग ‘आई, तू बघत होतीस’ हे त्याला तोंडाने म्हणावं लागेल. ज्या आईने घर गहाण टाकलं तिला असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्यापेक्षा कॅमेरा बंद करणं सोपं.

पेपर मागे घेतल्याचं तुम्हाला लागलंय, म्हणून तेही सांगते. तिथे पुष्कळ ठिकाणी ठरलेल्या मुदतीपर्यंत परीक्षेतून नाव काढता येतं आणि तो प्रयत्न धरला जात नाही. साधारणपणे एका पेपरला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदाही गेला तर त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडावं लागतं, आणि तोच विषय देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. तयारी नसताना पेपरला न बसणारा मुलगा पळपुटा नाही, शहाणा आहे. दोन वर्षांचा, १२० क्रेडिटचा मास्टर्स अडीच-तीन वर्षांत संपवणारी मुलं तिथे ढीगभर आहेत, जर्मन मुलंसुद्धा. अभ्यास पुढे सरकतोय एवढं दाखवता आलं, खर्चाची सोय दाखवता आली, की राहण्याचा परवाना वाढतो. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभाही असते. तो करत असेल कुठे गोदामात किंवा हॉटेलच्या मोरीवर. पण ते त्याने सांगितलं तर ऐका. शोधू नका.

तुम्ही केलेलं काम मला कळत नाही असं समजू नका. भारतातली कागदपत्रं खरी असल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र, परदेशी मुलांचे अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्ट संस्थेकडचे अर्ज, दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाचे हजारो युरो एकरकमी भरायचे, त्यासाठी बँकेत खेटे. पोळ्या उरकून रात्री अकराला हे फॉर्म भरणाऱ्या बायका मला माहीत आहेत. एजंटला लाजवतील इतक्या चोख असतात. तुम्ही त्यातल्याच. पण ते काम तो विमानात बसला त्या दिवशी संपलं, आणि किल्ली परत द्यायची राहून गेली.

व्हिसा काढू नका. नव्वद दिवस त्याच्या वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात उभं राहून तुम्ही त्याला आमटी-भात घालाल, आणि तो नव्वद दिवस तुमच्यासमोर बंद कॅमेऱ्यासारखाच बसेल. बहुतेक वसतिगृहांत पाहुण्याला इतके दिवस ठेवूही देत नाहीत.

एकच करा, आणि आजच करा. फोन लावा. उचलला नाही तर आवाजी मेसेज ठेवा. लिहून पाठवू नका, लिहिताना तुम्ही चार परिच्छेद कराल. एवढंच म्हणा: “मी तुझं पोर्टल बघत होते. तुला न सांगता. पाडव्याला पाच म्हणाले त्याचा अर्थ मला आता कळला. पासवर्ड बदल, मला नवा नको.” आणि थांबा. ‘काळजीपोटी’ हा शब्द नको, कर्जाचं नाव नको, रडणं नको, ‘आईचं मन’ तर अजिबात नको. त्या पेपरचं पुढे काय, हेही विचारू नका. १.७ बद्दल शाबासकी देण्याचा मोह होईल. तोही आवरा, ते गुण त्याने तुम्हाला सांगितलेले नाहीत.

तो चिडेल. चिडू द्या. ‘आई, तू असं कसं केलंस’ म्हणाला तर ‘चुकलं माझं’ म्हणा आणि पुढचं तोंडातल्या तोंडात ठेवा. आठवडा-दोन आठवडे काहीच आलं नाही तरी परत मेसेज करायचा नाही. आणि पुढे कधी बोलता बोलता झोप लागत नाही, खोलीबाहेर पडावंसं वाटत नाही असं त्याच्या तोंडून आलं, तर तिथल्या श्टुडेंटेनवेर्कमध्ये जा म्हणून सांगा. वसतिगृहं आणि मेन्झा, म्हणजे विद्यापीठाची खाणावळ, चालवणारी हीच संस्था विद्यार्थ्यांसाठी समुपदेशकही ठेवते. तिथली मुलं जातात, त्यात कुणाला काही वाटत नाही.

आणि हो, पासवर्ड ‘माझ्याकडे’ आहे असं लिहिलंत, पण असल्या गोष्टी घरात डायरीच्या मागच्या पानावर असतात आणि मिस्टरांनाही ठाऊक असतात. फोन करण्याआधी त्यांच्या कानावर घाला. नाहीतर तुम्ही मोकळ्या व्हाल आणि पुढच्या रविवारी ते त्याला विचारतील, “अरे, ते पोर्टल उघडत का नाही?”