‘स्टारबोर्ड’मध्ये तारा नाही!

प्रश्न असा आहे: शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत ‘स्टारबोर्ड!’ (म्हणजे जहाजाची उजवी बाजू) अशी आरोळी आली की दुसरी होडी वाट का देते, आणि या शब्दाचा ताऱ्यांशी संबंध काय?

काहीही नाही. दर्यावर्दी ताऱ्यांवरून दिशा ओळखत म्हणून स्टारबोर्ड, ही थाप आता पुरे झाली. जुन्या इंग्रजीतला शब्द ‘स्टेओरबोर्ड’. ‘स्टेओर’ म्हणजे सुकाणू, ‘बोर्ड’ म्हणजे जहाजाची बाजू. मोटारीचं स्टिअरिंग याच कुळातलं. तेव्हा सुकाणू मागे मधोमध नसे. उजव्या कडेला एक रुंद वल्हं बांधलेलं असे. नॉर्वेत सापडलेल्या ओसेबर्ग या व्हायकिंग जहाजाला ते तसंच आहे. आणि गंमत पुढेच आहे: ते धरणाऱ्याची पाठ डावीकडे होई, म्हणून जर्मनमध्ये डावी बाजू ‘बाकबोर्ड’, म्हणजे पाठीकडची! इंग्रजीत तिला आधी ‘लारबोर्ड’ म्हणत. वाऱ्यापावसात ‘स्टारबोर्ड’ आणि ‘लारबोर्ड’ सारखेच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलानं १८४४ मध्ये ‘लारबोर्ड’ मोडीत काढून ‘पोर्ट’ रूढ केला.

आता नियम. वारा डाव्या अंगानं घेणारी होडी, वारा उजव्या अंगानं घेणारीला वाट देते; म्हणून ही दुसरी ‘स्टारबोर्ड!’ ओरडते. हा निव्वळ संकेत, असं मोठमोठे जाणकार सांगून मोकळे होतात. मला ते साफ अमान्य आहे. उजवीकडून वारा आला की जहाज डावीकडे कलतं, उजवी कड उचलली जाते आणि तिथलं वल्हं पाण्याबाहेर येऊ लागतं. अशा जहाजाला वळणं अवघड. मग जिचं वल्हं खोल पाण्यात आहे तिनंच बाजूला व्हायचं, हे उघड आहे. माझ्या मते नियमाचं मूळ तिथेच आहे.

जिला वाट मिळते तिला ‘राइट ऑफ वे’ आहे असं इंग्रजीत म्हणतात; त्याला ‘अग्रहक्क’ म्हणणंही सोडा. शर्यतीच्या नियमांत त्याचा अर्थ इतकाच, की दुसरीवर दूर राहायचं बंधन आहे. धडक टाळता येत असेल तर ती टाळायचं बंधन हक्कवालीवरही असतं (नियम १४), आणि तिनं दिशा बदलली तर दुसरीला दूर व्हायला जागा द्यावीच लागते (नियम १६). मराठीत ‘वाट देणे’ हा नेमका प्रयोग असताना हक्काची भाषा कशाला?

दोघींनाही वारा एकाच अंगानं असेल आणि त्या शेजारी-शेजारी असतील, तर वाऱ्याकडची होडी वाट देते. तिथे ‘स्टारबोर्ड’ ओरडून उपयोग नाही.