सायकोसिस अबोल, हळव्या स्वभावाच्या माणसांनाच होतो का? स्वभावावरून कोण बरं होणार ते कळतं का?

नाही. सायकोसिस म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, खोटे संशय पक्के बसणं, असा मनाचा आजार. तुम्ही लिहिलंय की तुमचा मामेभाऊ लहानपणापासून कुणात मिसळायचा नाही आणि आता नातेवाईक ‘हे होणारच होतं’ म्हणतात. आमच्या घरात अगदी उलट स्वभावाच्या पोराला हा आजार झाला, तरी आम्हीही हेच वाक्य ऐकलं. म्हणून लिहितेय.

आम्ही कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला जायचा. कबड्डी खेळणारा, गणपतीत वर्गणीपासून मिरवणुकीपर्यंत सगळीकडे पुढे. आधी त्याची झोप उडाली. मग जेवणाचा डबा तसाच परत यायला लागला, त्यात कुणीतरी काहीतरी घालतंय म्हणून. रात्री मोबाइल फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरायचा. ‘ताई, सगळी माझ्याबद्दलच बोलालेत,’ म्हणायचा. अंगारे-धुपारे झाले, एक देवरुषीही झाला, आणि त्यात बरेच महिने गेले. उपचार जितके उशिरा सुरू होतात तितकं सावरणं जड जातं, एवढं तरी प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

शेवटी धारवाडला नेलं. डॉक्टर कन्नडमधून विचारत होते. आईला कन्नड बाजारापुरतं येतं. काकांची सरकारी नोकरी, त्यांचं कन्नड पक्कं, म्हणून तेच बोलायला बसले: पोरगा पहिल्यापासून हट्टी, तापट, आईनं लाडावून ठेवलेला. भिंतीतून आवाज येतात हे सांगायचं राहिलंच. मी मध्ये पडले आणि म्हटलं, सर, दिवाळीनंतर काय बदललं ते विचारा. त्यांनी काकांना बाहेर बसवलं, मराठी येणाऱ्या नर्सला बोलावलं आणि आईला विचारलं. आई सगळं सांगत गेली. माणूस मुळात कसा होता एवढ्यावर निदान होत नाही. होता त्यापेक्षा वेगळा कधी आणि कसा वागायला लागला, ते लागतं.

गोळ्यांनी आवाज गेले, संशय उतरला, पण नंतर तो नुसता सोप्यात बसून राहायचा. अंघोळ नको, बोलणं नको, मित्र आले तर उठून आत जायचा. काका रोज येऊन म्हणायचे, ‘आता आळशी झालाय.’ तो आळस नव्हता. असं मन मरून जाणं हाही आजाराचाच भाग असतो आणि गोळ्यांचा त्यावर फारसा जोर चालत नाही.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या संशोधकाने १९५० च्या दशकात मनोरुग्णालयातून बरे होऊन घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले बरेच जण पुन्हा आजारी पडत होते, भाड्याच्या खोलीत राहणारे त्या मानाने कमी. पुढच्या अभ्यासांत कारण दिसलं: सतत टोचून बोलणं, राग राग करणं आणि काळजीपोटी माणसाला श्वासही घेऊ न देणं. चंदीगडला असाच अभ्यास झाला, तेव्हा आपल्याकडच्या घरांत हे टोचणं लंडनपेक्षा कमी आढळलं. आमच्या काकांना तिथे कुणी विचारलं नसावं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कोण सावरणार हे बघायचं असेल तर आधी घरच्यांचा स्वभाव तपासावा.

आणि तो हट्ट? सुरुवातीला त्याच हट्टाने तो गोळ्या थुंकायचा. डॉक्टरांनी हात थरथरणं थांबावं म्हणून औषध बदललं, नीट समजावलं, आणि मग त्याने स्वतः ठरवलं. त्यानंतर ‘किती दिवस गोळ्या खाणार?’ म्हणणाऱ्या काकांनाही त्याने जुमानलं नाही. रात्रपाळी सोडली, कारण झोप मोडली की त्रास डोकं वर काढतो. आता तो एका वर्कशॉपमध्ये दिवसपाळीत आहे. ज्या गुणाला काका खोट म्हणत होते, त्यानेच त्याला धरून ठेवलं.

स्वभावाचा काहीच संबंध नाही असंही नाही. नेदरलँड्समध्ये निरोगी लोकांना तीन वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा सतत चिंता करणाऱ्या आणि स्वतःला कमी लेखणाऱ्यांत भास-संशय सुरू होण्याचं प्रमाण जास्त निघालं. पण तसे स्वभाव घरोघरी असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात कधी सायकोसिस होत नाही. रक्ताच्या नात्यातला आजार, गांजा, मोठे आघात, हेही धोका वाढवतात. काहींना खूप वर्षं गोळ्या लागतात, काहींना त्रास पुन्हा होतो, तेव्हा माझ्या भावावरून तुमच्या मामेभावाचा अंदाज बांधू नका आणि डॉक्टरांना न विचारता गोळ्या थांबवू नका. तो मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. दवाखान्यात भाषा येणारं माणूस जरूर न्या, पण सांगू द्या मामीला. त्याच्यासोबत एका घरात त्याच राहतात.