पैसे भरण्याआधी विमाने मोजून या

प्रश्न: मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, फिजिक्स-मॅथ्स घेऊन. पायलटच व्हायचे म्हणते. अंधेरीचा एक एजंट सांगतो की बारा महिन्यांत सीपीएल (कमर्शियल पायलटचे लायसन्स) हातात, नोकरीची हमी, आणि सगळी फी एकदम भरली तर दोन लाख सूट. त्यासाठी भांडुपचा फ्लॅट तारण ठेवावा लागेल. तो महिनाअखेरीस उत्तर मागतो आहे. बारामती, गोंदिया की अमेरिका, काय निवडू?
– एक पालक, भांडुप

उत्तर: त्या एजंटला महिनाअखेरीस काहीही सांगू नका. आधी मुलीची मेडिकल करून घ्या. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू, मग क्लास वन. क्लास वनशिवाय कमर्शियल लायसन्स नाही. फी भरून सहा महिने झाल्यावर मेडिकलमध्ये अडकलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांचे आईवडीलही.

आता सूट. माझ्या वेळी मीही एकरकमी भरले होते, आईच्या पाटल्या मोडून. फ्लाइंग क्लबचे नाव घेत नाही. माहितीपत्रकात चार विमाने होती. मी गेले तेव्हा एका सेसनाचे इंजिन उतरवून लाकडी खोक्यात ठेवलेले, दुसरीला प्रॉपेलर नाही, तिसरी सुट्या भागाची वाट बघत हँगरच्या कोपऱ्यात. उडत होती ती एक, आणि आम्ही सव्वीस जण. पाच महिन्यांत माझे अकरा तास झाले. भांडायला गेले की सर चहा मागवायचे. पैसे त्यांच्या खात्यात होते, मी कुठे जाणार?

म्हणून शाळा कुठली हे मला विचारू नका, स्वतः जाऊन बघा. मुलीला घेऊन ठाण्याहून विदर्भ एक्स्प्रेस पकडा, ती थेट गोंदियाला सोडते. बारामतीला एसटी आहे. पहाटे साडेपाचला मैदानावर हजर व्हा. डिस्पॅचच्या खोलीत पांढरा बोर्ड असतो, त्यावर प्रत्येक विमानाच्या नोंदणीची शेवटची अक्षरे आणि पुढे कोणाची सॉर्टी, म्हणजे उड्डाण, ते. किती ओळी भरल्यात आणि किती पुसल्यात ते बघा. बाहेर बाकावर लॉगबुक मांडीवर घेऊन मुले बसलेली असतील. त्यांच्यातल्या एखाद्याला कटिंग पाजा आणि एवढेच विचारा: गेल्या महिन्यात किती तास झाले? ऑफिसातल्या मॅडमपेक्षा तो खरे सांगेल.

मग गणित करा. सीपीएलला किमान २०० तास लागतात, त्यातले १०० स्वतः विमानाचा ताबा घेऊन. समजा खरोखर उडणारी विमाने सहा आणि मुले साठ. एक विमान दिवसाला चार तास, महिन्यात पंचवीस दिवस उडले, तर सहा विमानांचे मिळून ६०० तास. प्रत्येकाच्या वाट्याला दहा. म्हणजे २०० तासांना वीस महिने! यात पावसाळा धरलेला नाही, विदर्भातल्या हिवाळ्याचे धुकेही नाही, आणि इन्स्ट्रक्टर नोकरी सोडून एअरलाइनमध्ये गेला तर काय, तेही नाही. बारा महिने हा आकडा एजंटने कुठून काढला ते त्यालाच विचारा.

डीजीसीएने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, ती जरूर पाहा. पण बोर्डावर तुमच्या मुलीचे नाव आठवड्यातून किती वेळा लागेल, हे श्रेणीवरून कळत नाही.

फी हप्त्यांनी, झालेल्या तासांप्रमाणे. परताव्याचे कलम लेखी हवे. तास वाढले तर जादा खर्च कोणाचा, तेही लेखी. याला जी संस्था नाही म्हणेल तिथून उठून या, तोटा होणार नाही.

मेडिकल झाली की मुलीने घरबसल्या नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशन्सचा अभ्यास सुरू करावा. पासाला ७० टक्के लागतात. पेपर आधी काढून गेलेली मुले मैदानावर फक्त उडतात, बाकीची अर्धा दिवस पुस्तकात डोके घालून बसतात.

अमेरिकेत तास लवकर होतात हे खरे. पण तिथले लायसन्स इथे बदलून घ्यावे लागते आणि डीजीसीएचे पेपर चुकत नाहीत. मुंबईतच शिकता आले असते तर, असे तुमच्या मनात येत असेल. १९३२ साली जेआरडी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या धावपट्टीवर आता मुख्यतः हेलिकॉप्टरे दिसतात.

हमीबद्दल: नोकरी एअरलाइन देते, शाळा नाही. सीपीएलनंतर टाइप रेटिंग, म्हणजे एअरलाइनचे ठरावीक विमान उडवायचे प्रशिक्षण, करावे लागते, त्याचे लाखो रुपये वेगळे. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, गो फर्स्ट एअरलाइन मे २०२३ मध्ये. दोन्ही वेळा अनुभवी कॅप्टनच बाजारात आले आणि नव्या मुलांची रांग मागे सरकली. फ्लॅट तारण ठेवलात तर मुलीला पहिला पगार दोन-तीन वर्षे उशिरा मिळेल असे धरूनच हप्ता बसवा. तो बसत नसेल तर एक वर्ष थांबा. ती अठराची तर आहे, आणि सीपीएलला किमान वय अठराच लागते.

प्रश्न: मला उणे तीनचा चष्मा आहे. पायलट होता येईल का?
– एक विद्यार्थी, गिरगाव

उत्तर: चष्म्याने अडत नाही, चष्मा लावून दृष्टी पूर्ण आली पाहिजे. रंग ओळखता येतात का ते मात्र आधी तपासून घे. ठिपक्यांतले आकडे वाचायची ती चाचणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाच मिनिटांत होते.