बेथोव्हेनच्या सिंफनींचा पहिला संच निवडताना

नऊ सिंफनींच्या (वाद्यवृंदासाठीच्या बहुभागी रचनांच्या) ध्वनिमुद्रणांचे चार-पाच संच एकदम विकत घेण्याआधी आपण सातव्या सिंफनीचा केवळ दुसरा भाग तीन संचांतून लागोपाठ ऐकावा, असे मी आग्रहाने सुचवेन. सुषिर वाद्यांचा पहिला उदास स्वरमेळ विरत जातो आणि खर्जातली तंतुवाद्ये एक दीर्घ, दोन ऱ्हस्व, पुन्हा दोन दीर्घ अशी पावले टाकू लागतात. वाद्यवृंद-संचालकाचा स्वभाव तिथेच उमगतो. बेथोव्हेनने या भागावर 'आलेग्रेत्तो' (मध्यम द्रुत लयीत) असे लिहिले आहे, म्हणजे तो शोकयात्रेसारखा रेंगाळणे त्याला अभिप्रेत नव्हते, आणि १८१७ साली त्याने प्रसिद्ध केलेले मेट्रोनोमचे (लय मोजणाऱ्या यंत्राचे) आकडेही तेच सांगतात.

संचालक हर्बर्ट फॉन कारायान यांचा बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासोबतचा १९६१-६२चा संच पहिल्या खरेदीसाठी मला आजही सर्वांत योग्य वाटतो. संचालक ओटो क्लेम्परर यांच्या संचातली लय संथ आहे. मात्र त्यांनी व्हायोलिनांचा दुसरा गट पहिल्या गटासमोर उजवीकडे बसवल्यामुळे याच सिंफनीच्या अखेरच्या भागातली दोन्ही बाजूंची झुंज, विशेषतः हेडफोनवर, जितकी स्पष्ट होते तितकी कारायान यांच्याकडे होत नाही. जुन्या धाटणीच्या वाद्यांसाठी संचालक जॉन एलियट गार्डिनर यांचा संच ऐकावा. तुलना करताना आवाजाची पातळी मात्र प्रत्येक वेळी सारखी करून घ्यावी, कारण मोठ्याने वाजणारे ध्वनिमुद्रण कानाला उगाचच सरस वाटते.