क्रियापद चुकतं ते शेजारच्या शब्दामुळे

‘वन ऑफ माय फ्रेंड्स आर कमिंग’ ही चूक का होते, ते आधी समजून घ्या. मराठीत आपण ‘माझ्या मित्रांपैकी एक जण येतोय’ म्हणतो. ‘एक जण’ क्रियापदाला चिकटून असतो, म्हणून चूक होत नाही. इंग्रजीत क्रियापदाशेजारी ‘फ्रेंड्स’ येऊन बसतो आणि कानाला ‘आर’ बरं वाटतं. तेव्हा ‘ऑफ’पासूनचा भाग बोटाने झाका. उरलं ‘वन’, म्हणजे ‘इज’. ‘ईच ऑफ द बॉइज हॅज’ इथेही हेच. पण ‘द बॉइज ईच हॅव’, कारण तिथे कर्ता ‘बॉइज’ आहे.

बोटाची युक्ती एका ठिकाणी फसते, आणि तिथेच सगळ्यांत जास्त गोंधळ होतो: ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर अॅब्सेंट’. ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे ‘बरेच’, म्हणून अनेकवचन. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज फॉर्टी’ यात मात्र आपण संख्येबद्दल, एका आकड्याबद्दल बोलतोय. ‘अ’ की ‘द’, एवढंच पाहा.

‘एव्हरी’नंतर नाम आणि क्रियापद दोन्ही एकवचनी. मराठीत ‘प्रत्येक मुलगा आला’ म्हणतो, तसंच.

समूहवाचक नामांत ‘पोलीस’ कायम अनेकवचनी: ‘द पोलीस आर हिअर’. ‘टीम’, ‘फॅमिली’, ‘कमिटी’ यांना अमेरिकेत बहुधा ‘इज’ लावतात. ब्रिटिश इंग्रजीत माणसं वेगवेगळी डोळ्यांसमोर असतील तर ‘आर’ही चालतं. माझ्या मते सुरुवातीला ‘इज’च धरा, आणि त्याच वाक्यात पुढे ‘इट्स’ वापरा. ‘द टीम इज प्लेइंग देअर बेस्ट’ अशी सरमिसळ परीक्षेच्या पेपरात टाळाच.