मेयोनीज हा शब्द मूळचा कुणाचा?

प्रश्न : मडगावला शेजाऱ्यांच्या लग्नात रशियन सॅलड खाल्ले. त्या घरातील वयस्कर बाई त्यातल्या सॉसला 'मायोनेझ' म्हणत होत्या. बाजारातल्या बाटलीला मात्र आपण सगळे 'मेयोनीज' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांनी गोव्यात आणला का? आणि त्याचा मूळ अर्थ काय? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : त्या बाईंचा उच्चार पोर्तुगीज वळणाचा आहे आणि तो चुकीचा नाही, 'मेयोनीज' हे रूप आपल्याकडे इंग्रजीमार्फत रुळले. मात्र पाव या शब्दासारखा हा शब्द पोर्तुगीजांच्या घरचा नव्हे. त्यांनीही तो फ्रेंचांकडूनच घेतला.

फ्रेंच पाकशास्त्रात सॉसला गावाचे किंवा प्रदेशाचे नाव देण्याची जुनी रीत आहे. बेआर्नवरून 'बेआर्नेझ', हॉलंडवरून 'ओलांदेझ'. त्याच न्यायाने भूमध्य समुद्रातील मिनोर्का बेटावरचे माहोन बंदर या शब्दाचे उगमस्थान मानले जाते. 1756 मध्ये ड्यूक द रिशल्यूच्या फ्रेंच सैन्याने हे बेट इंग्रजांकडून जिंकले आणि विजयाच्या मेजवानीसाठी त्याच्या स्वयंपाक्याने हा सॉस केला, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. ती जशीच्या तशी स्वीकारणे मला कठीण वाटते, कारण हा शब्द छापील पाककृतींत दिसू लागतो तो थेट एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, म्हणजे सुमारे 50 वर्षांनंतर.

तेव्हाही त्याच्या रूपाबद्दल एकमत नव्हतेच. हॅमसाठी प्रसिद्ध असलेल्या बायोन शहरावरून 'बायोनेझ' हे रूप काहींनी पुढे केले. विख्यात आचारी कारेम याने 'मान्ये', म्हणजे हाताने घोटणे, या क्रियापदावरून 'मान्योनेझ' सुचवले. तर काहींनी जुन्या फ्रेंचमधील 'म्वाय', म्हणजे अंड्याचा बलक, याकडे बोट दाखवले. बलकाची व्युत्पत्ती ऐकताक्षणी पटते खरी, परंतु शब्दाच्या शेवटच्या 'एझ'चा उलगडा तिने होत नाही. बायोनचा 'ब' जाऊन 'म' कसा आला, हेही सांगावे लागते. म्हणून मेजवानीची गोष्ट बाजूला ठेवूनही माहोनचाच पक्ष मला अधिक बळकट वाटतो. स्पॅनिशमध्ये 'मायोनेसा'बरोबर 'माओनेसा' हे रूपही चालते, त्यात तर बंदराचे नाव स्पष्ट ऐकू येते.

अर्थाचा प्रवास याहून रंजक आहे. आरंभी हे नाव केवळ सॉसचे नव्हते. कोंबडी किंवा मासा घालून केलेल्या थंड पदार्थालाही तेच नाव होते. ब्राझीलमध्ये आजही 'मायोनेझी' म्हटले की बटाट्याचे सॅलड समोर येते, आणि भलतेच बरळणाऱ्याला तिथे 'मायोनेझीत प्रवास करतोस' असे सुनावतात. बलकात थेंब थेंब तेल सोडत घोटत राहिले की एका क्षणी मिश्रण दाट होऊन चमच्याला धरते. दही लागले असे आपण म्हणतो, तसे फ्रेंच माणूस 'मायोनेझ लागली' म्हणतो, आणि एखादे काम जमून आले तरी हेच वाक्य वापरतो.

अमेरिकेच्या नियमानुसार या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थात वजनाने किमान 65 टक्के वनस्पती तेल आणि अंड्याचा बलक असावाच लागतो. आपल्याकडे मात्र अंड्याविना केलेलाही 'एगलेस मेयोनीज' म्हणून सर्रास विकला जातो. त्यामुळे अंडे न खाणाऱ्यांनी केवळ नावावर विसंबू नये. बाटलीवरचे हिरवे चिन्ह पाहून घ्यावे आणि लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला विचारावे.