नाट्यवर्गात मुलांकडून काय अपेक्षा असते?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, शाळेच्या नाट्यवर्गात नाव घातलंय. पाठांतराशिवाय तिने काय करायचं असतं? (एक पालक, मालवण)

उत्तर : पाठांतर ही फक्त सुरुवात. अर्ध्या तासाच्या एकांकिकेला साधारण ४ आठवडे तालीम धरा. दुसरा आठवडा संपताना संहिता हातातून सुटलीच पाहिजे, नाहीतर हालचाली बसत नाहीत. मुलं फक्त आपलीच वाक्यं घोकतात, आणि तिथेच घोळ होतो. समोरच्याचं शेवटचं वाक्यही पाठ हवं, कारण आपलं बोलणं तिथूनच उचलायचं असतं. घरी समोरच्याची वाक्यं तुम्ही वाचा. हालचाली संहितेत पेन्सिलनेच लिहाव्यात, त्या बदलतात. दांडी मारली की समोरच्या पात्राचीही तालीम बुडते. आपली प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर वापरायच्या वस्तू, प्रयोगाआधी आपणच तपासायची. ओरडू नये, घसा बसतो. पोटातून श्वास घेऊन वाक्याचा शेवटचा शब्द मागच्या रांगेपर्यंत न्यावा. बहुतेक मुलं नेमका तोच गिळतात.

आणि जत्रेत तिला दशावतार, म्हणजे कोकणातलं पारंपरिक लोकनाट्य, जरूर दाखवा. तिथे लिहिलेली संहिता नसते, नट संवाद ऐनवेळी रचतात. त्यासाठी समोरच्याचं किती कान देऊन ऐकावं लागतं, ते तिला कळेल. पाहिलेल्या प्रयोगाबद्दल लिहायचं झालं तर ‘छान होतं’ पुरत नाही. नटाने नेमकं काय केलं आणि प्रेक्षकांवर त्याचा काय परिणाम झाला, तेही लिहावं.